सगळी शून्यं सारखी नसतात

34–2. हा एका सामन्याचा निकाल आहे. तुम्ही तो सामना पाहिलेला नाही, खेळाडूंची नावंही तुम्हाला ठाऊक नाहीत. तरीही या दोन आकड्यांवरून एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते: हरलेल्या संघाला एकदाही समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवता आलेला नाही.

कशावरून? त्यासाठी खेळ कोणता ते कळायला हवं. हा आहे रग्बी लीग. टीव्हीवर 15 जणांची रग्बी पाहिली असेल, तिचा हा सख्खा भाऊ. 1895 साली उत्तर इंग्लंडमधले क्लब मूळ संघटनेशी भांडून वेगळे झाले. त्यांचे बरेच खेळाडू खाणीत नाहीतर गिरणीत काम करायचे आणि सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मागायचे. मूळ संघटना ती देऊ देईना. वेगळं झाल्यावर या मंडळींनी नियमही बदलत नेले. आता त्यांच्या खेळात एका बाजूला 13 जण असतात आणि सामना 80 मिनिटांचा असतो.

चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की तो ‘ट्राय’, त्याचे 4 गुण. मग खांबांमधून किक मारली की आणखी 2. समोरच्यांनी नियम मोडला तर पेनल्टी किकचे 2. चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा पाडून खांबांमधून मारला तर साधारणपणे 1. आता बघा, ट्रायचे 4 गुण 2 मध्ये मावतील का? नाहीच मावणार. म्हणजे ते 2 गुण किकचेच.

हा सामना 2013 च्या विश्वचषकातला, ऑस्ट्रेलिया विरुद्ध फिजी. त्याच्या आधी, पहिल्याच सामन्यात, इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 20 गुण लावले होते. ऑस्ट्रेलिया 28–20 असं जिंकलं, पण त्यांच्या बचावाच्या भिंतीला भोकं आहेत हे सगळ्यांना दिसलं. त्यानंतर मात्र त्यांनी ती अशी काही लिंपली की विचारू नका. फिजीला 2, आयर्लंडला शून्य, अमेरिकेला शून्य, उपांत्य सामन्यात पुन्हा गाठ पडलेल्या फिजीला शून्य, आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला 2. पाच सामने, 400 मिनिटं, आणि समोरच्यांना ट्राय एकही नाही! त्यातले मधले तीन सामने, म्हणजे सलग 240 मिनिटं, तर एक गुणसुद्धा दिला नाही.

हे इतकं अवघड का असतं? थोडा हिशेब करू. मैदानाची रुंदी साधारण 68 मीटर. अडवणाऱ्यांतला एक फुलबॅक मागे राखणीला ठेवला तर फळीत उरले 12. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच मीटरहून जरा जास्तच जागा येते. आणि समोरून येणारा असतो शंभर किलोचा, सेकंदाला सात मीटर वेगाने. विज्ञानाच्या पुस्तकात ‘संवेग’ असतो ना, वस्तुमान गुणिले वेग? तो इथे झाला 700. तुमचं वजन 35 किलो असेल, तर तेवढा संवेग आणायला तुम्हाला सेकंदाला 20 मीटर धावावं लागेल. उसेन बोल्टचा सर्वात जास्त वेगही साडेबाराच्या आतच होता, तेव्हा तो नाद सोडा.

बरं, त्याला एकदा पाडून भागत नाही. पडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि पुढची चाल सुरू होते. अशी पाडापाडी सहा वेळा झाली की चेंडू समोरच्यांकडे जातो. आणि प्रत्येक वेळी एक-दोघं सोडून अडवणाऱ्या सगळ्यांना 10 मीटर मागे पळावं लागतं, लगेच वळून पुन्हा पुढे यावं लागतं. एका सामन्यात तीस-चाळीस वेळा गडी पाडणारे खेळाडू असतात. आता त्यांच्या पायांचं काय होत असेल ते बघा. फळीतला एकजण दमून अर्धं पाऊल मागे राहिला की त्याच्या शेजारी फट पडते, आणि हल्ला करणारे त्या फटीचीच वाट बघत असतात. अगदी गोलरेषेवर तर याहून मजेदार प्रकार चालतो. समोरचा चेंडूसकट रेषेपलीकडे कोसळला तरी त्याच्या खाली घुसून चेंडू जमिनीला टेकूच द्यायचा नाही. आपला हात, पोट, पाठ, जे सापडेल ते मध्ये घालायचं!

पण एक गंमत सांगते. 2013 मधली ती तीन शून्यं 50–0, 62–0 आणि 64–0 अशी होती. रग्बी लीगमध्ये गुण खाल्लेल्या संघानेच पुन्हा किक मारून खेळ सुरू करायचा असतो, म्हणजे ज्याने आत्ताच ट्राय केला त्याच्याच हातात चेंडू परत! जो संघ धडाधड ट्राय करतो, त्याच्याकडेच चेंडू सारखा येत राहतो, आणि चेंडूच नाही तर समोरचे गुण करणार कशाने? शिवाय 50 गुणांनी मागे पडलेला संघ 2 गुणांच्या किका मारत बसत नाही, तो ट्रायच्याच मागे लागतो. तेव्हा अशा मोठ्या शून्यामागे थोडी कमाई हल्ल्याचीही असते. भिंतीला सगळं श्रेय देऊ नका.

याच फिजीने चार वर्षांनी उट्टं काढलं, पण न्यूझीलंडवर. 2017 च्या विश्वचषकात, वेलिंग्टनला, न्यूझीलंडच्याच घरी, फिजीने त्यांना 4–2 असं हरवून बाहेर काढलं. ते 4 पाहून ‘एक ट्राय!’ म्हणालात ना? फसलात. दोन पेनल्टी किका होत्या त्या. 80 मिनिटांत दोन्हीकडून एकही ट्राय नाही.

आणि त्याच स्पर्धेचा अंतिम सामना: ब्रिस्बेन, 2 डिसेंबर 2017, ऑस्ट्रेलिया 6, इंग्लंड 0. मला विचाराल तर 64–0 च्या शून्यापेक्षा हे शून्य फार भारी. पूर्वार्धात बॉइड कॉर्डनरने एक ट्राय केला, कॅमरन स्मिथने किक मारली, झाले 6. त्यानंतर पूर्ण सामना त्या सहा गुणांवर लोंबकळत राहिला. इंग्लंडचा कॅलम वॉटकिन्स फळी फोडून निसटला, तेव्हा जॉश डुगन त्याच्या मागे होता. कंबर धरण्याइतका जवळ नव्हता, म्हणून त्याने अंग झोकून दिलं आणि हाताने वॉटकिन्सच्या घोट्याला टिचकी मारली.

कबड्डीत कोपरारक्षक चढाई करणाऱ्याचा घोटा धरून ठेवतो, इथे धरायचीसुद्धा गरज पडली नाही. धावताना आपला एक पाय नेहमी हवेतून पुढे येत असतो. त्याला बाजूने जरासा धक्का बसला की तो दुसऱ्या पायात अडकतो, आणि वरचं सगळं शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. वॉटकिन्स कोलमडला. डुगनची बोटं जराशी कमी पडली असती, तर ट्रायचे 4, वर किकचे 2, आणि फलकावर 6–6.