सुसानाचे फूल झाडावर येत नाही

आमरी म्हटले की झाडाच्या खोडाला बिलगलेली मुळे डोळ्यांपुढे येतात, आणि मागोमाग ‘बांडगूळ’ हा शब्दही. खरे तर झाडावरच्या आमरीही यजमानाचा रस शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. पेक्टेलिस सुसानी ही तर जमिनीतच वाढणारी. पावसाळ्यात कंदातून कोंब फुटतो, कमरेपर्यंत वाढतो आणि शेंड्याला मोजकीच पांढरीशुभ्र फुले येतात, एकेक तळहाताएवढे. पुढे पाने सुकतात आणि लोक समजतात, झाड मेले. कंद मात्र मातीत जिवंत असतो.

फूल जवळून पाहावे असेच आहे. खालच्या ओठाचे तीन भाग असतात. मधला अरुंद, बाजूचे दोन रुंद आणि कडेने कंगव्यासारखे कातरलेले. मागे लोंबणारी लांब हिरवट नळी पुष्कळांना देठ वाटते. ती मधाची नळी आहे आणि मध असतो पार तळाशी. रात्री दरवळणारे असे पांढरे, लांब नळीचे फूल लांब सोंडेच्या पतंगांसाठीच असते.

१७५३ साली लिनियसने हिला ‘ऑर्किस सुसानी’ म्हटले, म्हणून नामकरणाचे श्रेय त्यालाच दिले जाते. नाव मात्र त्याच्याही आधीचे. इंडोनेशियातल्या अंबॉन बेटावर डच कंपनीच्या नोकरीत असलेल्या रुम्फियसने हे फूल आपल्या पत्नीच्या, सुसानाच्या नावे नोंदवले होते. वनस्पती शोधताना ती त्याच्या सोबत असे आणि हे फूल तिनेच त्याला दाखवले. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात सुसाना आणि त्यांची मुलगी दगावल्या. त्याचा ग्रंथ छापून यायला १७४१ उजाडले, तोवर तोही हयात नव्हता. वनस्पतींच्या हजारो नावांत इतके जिव्हाळ्याचे नाव मला दुसरे ठाऊक नाही.

पुढे हीच वनस्पती हबेनारिया आणि पेक्टेलिस या प्रजातींत नोंदली गेली. नावे अनेक, झाड एकच.

सह्याद्रीत मात्र उलटा घोळ आहे. इथल्या पठारांवर अशीच मोठी पांढरी फुले येतात आणि इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतिसूचींनी त्यांनाही सुसानी म्हटले. आपली ही आमरी म्हणजे तिची जवळची बहीण, पेक्टेलिस जायगँटिया. सुसानीचा मुलूख पूर्व हिमालयापासून म्यानमार, दक्षिण चीन, थायलंड आणि जावा ओलांडून थेट अंबॉनपर्यंत पसरलेला आहे.