पायाखालची जमीन (लेखांक ७) : गालिचा उलटा करून पाहा

शहाबादी फरशीला आणखी एक आठवडा थांबावं लागणार. लॅमिनेटच्या पोटातल्या गोंदाविषयी गेल्या वेळी वाचून ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी पत्र पाठवलं आहे आणि ते बाजूला सारणं कठीण आहे. घरात प्लास्टिक नको, म्हणून त्यांनी चांगले पैसे मोजून ‘शंभर टक्के लोकर’ असं लेबल असलेला गालिचा घेतला. दिवाणखान्यात पसरला, तर सायकलच्या दुकानात येतो तसा रबराचा वास खोलीभर. दुकानदार म्हणाला, ‘नव्याचा वास आहे ताई, आठ दिवसांत जाईल.’ पावसाळा लागला तरी वास आहे तिथेच. लोकर तर मेंढीची, मग हा वास कुठला?

वास पाठीचा.

लेबल खोटं असेलच असं नाही. त्यावरची ‘शंभर टक्के लोकर’ म्हणजे पायाला लागते ती, वरची लव. ती लव जागेवर धरून ठेवायला मागे काय फासलं आहे, याचा त्या शंभरात हिशेबच नसतो. गालिचा घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण वरून हात फिरवतात, रंग पाहतात, घासाघीस करतात आणि घरी नेतात. उलटा करून कुणी पाहत नाही.

भारतात हातानं बनणाऱ्या गालिच्यांचं मोठं आगर म्हणजे उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूरचा पट्टा. भदोहीच्या गालिच्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथून आलेले दोन गालिचे दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असले, तर वरून पाहणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. किमतीच्या चिठ्ठीवर मात्र तो लगेच दिसतो. त्यातला एक गाठी मारून विणलेला, व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘हँड-नॉटेड’. मागावर सुती धागे उभे ताणायचे, त्यांच्यावर लोकरीची एकेक गाठ बसवायची, ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून लोखंडी पंजानं ठोकायचं. मोठ्या गालिच्याला महिनोन्‌महिने जातात. दुसरा ‘हँड-टफ्टेड’. चौकटीवर कापड ताणून त्यावर नक्षी उतरवतात आणि टफ्टिंग गननं लोकर भराभर कापडात टोचत जातात. काही दिवसांत काम उरकतं. पण यात गाठ कुठेच नसते. तसाच ठेवला तर चिमटीत धरून ओढलेला झुबका हातात येईल. म्हणून पाठीवर लेटेक्सचा, म्हणजे द्रवरूप रबराचा, जाड थर फासतात, वाळवतात आणि तो थर दिसू नये म्हणून त्यावर कापडाचं अस्तर चिकटवतात.

ओळखणं सोपं आहे. कोपरा धरून गालिचा उलटवावा. मागेही तीच नक्षी, तेच रंग स्पष्ट दिसत असतील, जवळून पाहिल्यावर एकेक गाठ मोजता येत असेल आणि टोकाची झालर म्हणजे आतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतील, तर तो गाठींचा. मागे नुसतं पांढरट किंवा मळकट कापड असेल, झालर नंतर शिवल्यासारखी किंवा चिकटवल्यासारखी असेल, तर तो टफ्टेड. अस्तराची कड कुठे सुटली असेल, तर आत डोकावावं. पिवळट-करड्या रंगाचा, वाळलेल्या खळीसारखा थर दिसतो. जुन्या गालिच्यात हा थर ठिसूळ होतो आणि गालिचा झटकला की त्याची बारीक पूड फरशीवर पडते. घरातल्या बाईला वाटतं, कालच तर झाडलं होतं.

गाठींच्या गालिच्याला डिंकाची गरज किती कमी असते, याचं एक भलंमोठं उदाहरण विंडसरच्या किल्ल्यात आहे. तिथल्या वॉटर्लू चेंबरमधला एकसंध गालिचा राणी व्हिक्टोरियासाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. वजन सुमारे दोन टन. १९९२ मध्ये किल्ल्याला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला ५० सैनिक लागले. एवढा पसारा उभा आहे तो फक्त गाठींवर. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही त्या काळी असे गालिचे विणले जात आणि त्यांचं नाव परदेशापर्यंत गेलं होतं.

मग हे रबर पाठीवर आलं कधी? त्याची गोष्ट अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी सुरू होते आणि तीही गालिच्यानं नाही, पलंगपोसानं. १८९५ मध्ये कॅथरीन इव्हान्स नावाच्या तिथल्या शेतकऱ्याच्या मुलीनं साध्या सुती कापडावर जाड दोऱ्याचे टाके घालून, ते वरून कापून, फुलाफुलांचा पलंगपोस केला. १९०० मध्ये तिचा पहिला पलंगपोस अडीच डॉलरला विकला गेला. दोरे सुटू नयेत म्हणून तिची युक्ती अशी, की टाके घालून झाले की कापड गरम पाण्यात घालायचं. कापड आटतं, दोऱ्याभोवती आवळतं आणि दोऱ्याची टोकंही फुलून येतात. पाणी आणि विस्तव, बाकी काही नाही. हळूहळू गावोगावच्या बायका हे काम करू लागल्या, मग यंत्रं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर खोलीभर रुंदीचे गालिचे याच रीतीनं यंत्रावर निघू लागले आणि डाल्टन जगाची गालिच्यांची राजधानी झालं. इतक्या रुंद, जड मालाला गरम पाण्याची युक्ती पुरेना. पाठीला तागाचं कापड आणि त्यावर लेटेक्स आलं. १९६०च्या दशकापासून तागाची जागाही पॉलिप्रोपिलीननं घ्यायला सुरुवात केली. लेटेक्स राहिलं ते राहिलंच.

हे लेटेक्स बहुतेक वेळा झाडाच्या चिकाचं नसतं. स्टायरीन आणि ब्युटाडाइन या दोन रसायनांपासून ते कारखान्यात बनतं. ते बनताना आणखी एक पदार्थ थोडासा तयार होतो, त्याचं नाव ४-फिनाइलसायक्लोहेक्झीन. नव्या गालिच्याचा म्हणून जो खास वास जगभर ओळखला जातो, तो मुख्यतः याचा. हवेत अब्जात एक भागापेक्षाही कमी असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

या पदार्थानं अमेरिकेत एकदा मोठीच पंचाईत केली होती आणि तीही कुणाच्या घरी, तर पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ‘ईपीए’च्या! १९८७ साली वॉशिंग्टनमधल्या तिच्या वॉटरसाइड मॉल इथल्या मुख्यालयात नवे गालिचे टाकायला सुरुवात झाली. काही महिन्यांत कर्मचारी तक्रारी करू लागले: डोळे चुरचुरतात, घसा बसतो, डोकं भणभणतं. काहींना त्या इमारतीत बसणंच अशक्य झालं. देशाला स्वच्छ हवेचे नियम घालून देणाऱ्या संस्थेची माणसं आपल्याच कचेरीतल्या हवेनं हैराण! संशय लेटेक्सवर आणि त्या ४-फिनाइलवर गेला. नेमका तोच दोषी, हे पक्कं सिद्ध झालं नाही. इमारतीत हवा खेळण्याचीही बोंब होती. तरी सुमारे २७,००० चौरस यार्ड गालिचा उखडून काढावा लागला. पुढे कर्मचारी संघटनेनं संस्थेकडेच अर्ज केला, उत्पादकांबरोबर बैठका झाल्या आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या गालिचा उत्पादकांच्या संघटनेनं ‘ग्रीन लेबल’ सुरू केलं. गालिच्यातून हवेत काय आणि किती सुटतं, हे तपासून ते दिलं जातं. २००४ पासून त्याची कडक आवृत्ती ‘ग्रीन लेबल प्लस’ आहे. जर्मनीत आखेनची ‘गुट’ ही संस्था १९९० पासून असंच काम करते.

लेबलांचा विषय निघालाच आहे, तर एक घोटाळा इथेच सोडवलेला बरा. भदोहीकडच्या गालिच्यांवर ‘गुडवीव्ह’चं लेबल दिसतं. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकारानं १९९४ मध्ये ‘रगमार्क’ या नावानं ते सुरू झालं. गालिचा विणायला लहान मुलं जुंपलेली नाहीत, याची ती हमी आहे आणि ती फार मोलाची आहे. पण पाठीवरच्या लेटेक्सबद्दल ती अवाक्षर काढत नाही. ‘वूलमार्क’ लोकरीची ग्वाही देतो. ज्याला वासाची चिंता आहे, त्यानं हवेची तपासणी झाली आहे का, हेच विचारायचं.

आता कुणी म्हणेल, गाठींचा गालिचा परवडत नाही आणि टफ्टेडची पाठ नको, मग घालायचं काय? दख्खनमध्ये याचं उत्तर कधीपासून तयार आहे. सतरंजीला लवच नसते, म्हणजे ती धरून ठेवायला काही फासावंही लागत नाही. उभा धागा, आडवा धागा, संपलं. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना याच जातीचा, दोन्हीकडून सारखा. आणि घोंगडी तर पाहायलाच हवी. दख्खनी मेंढीची लोकर रंगवायची गरज नसते, काळी ती काळीच. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ द्यावी लागते, ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, शिजवून केलेली लापशी ब्रशानं धाग्यांवर ओढतात आणि धागे उन्हात कडक करतात. घोंगडी धुतली की ही खळ निघून जाते. सणगर आणि धनगर वस्त्यांत हे काम अजून चालतं, कमी झालंय खरं. नवी घोंगडी टोचते आणि तिला मेंढीचा वास येतो, हेही सांगितलंच पाहिजे. नाकाला तोही सहन न होणाऱ्यांनी सुती सतरंजी घ्यावी. लोकरीला कसर लागू नये म्हणून काही गालिच्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक चढवलेलं असतं, तो प्रश्न सुती मालात येत नाही.

गालिच्याखाली घालायच्या गादीकडेही लक्ष असू द्यावं. रंगीबेरंगी तुकडे चिकटवून केलेला फोम स्वस्त पडतो. तो जुन्या फोमच्या भंगाराचा असतो आणि त्या जुन्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं असू शकतात. त्याऐवजी तागाचं किंवा लोकरीचं फेल्ट मागावं. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा घालायचाच असेल, तर सरसकट गोंद फासण्याऐवजी कडेच्या खिळेपट्टीवर ताणून बसवून घ्यावा.

ठाण्याच्या ताईंना आता सरळ उत्तर. गालिचा गॅलरीत पाठ वर करून काही दिवस कोरड्या हवेत ठेवा, पावसाचा शिंतोडा लागू देऊ नका. चांगल्या लेटेक्सचा वास काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतो. हलक्या प्रतीचं, नीट न वाळवलेलं लेटेक्स असलं, तर तो जात नाही. दमट दिवशी पुन्हा उचल खातो. तुमचा प्रकार या दुसऱ्या जातीचा दिसतो. अत्तर, कापूर, खाण्याचा सोडा यांवर पैसे घालवू नका. पावती काढा आणि गालिचा परत घ्यायला सांगा. ‘शंभर टक्के लोकर’ म्हणून विकलेल्या मालाच्या पाठीवर काय आहे, हे लेखी विचारा. तोवर मुलांच्या खोलीत तो पसरू नका.

शहाबादी पुढच्या आठवड्यात, नक्की. फक्त नागपूरहून एक प्रश्न येऊन पडलाय: विदर्भातल्या जवसाच्या तेलापासून खरंखुरं लिनोलियम करता येईल का? तो मोह कितपत आवरतो, ते बघायचं.