भोवळ येण्याआधी काय वाटलं?

माणूस शुद्धीवर आला की सगळे विचारतात, "पडलास कसा?" डॉक्टरला मात्र पडण्याआधीचं अर्धं मिनिट हवं असतं.

रांगेत उन्हात ताटकळल्यावर किंवा रक्त काढताना सुई पाहून येणारी भोवळ सर्वांत जास्त आढळते. ती बहुधा सांगून येते. आधी जांभया, मळमळ, अंगाला गार घाम. मग चेहरा पांढराफटक पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. आडवं होताच मिनिटभरात माणूस भानावर येतो. तेवढ्यात हातपाय एक-दोनदा झटकले, तरी लगेच फिट समजू नये. (आणि कांदा-चप्पल हुंगवण्यापेक्षा पाय उंच धरलेले बरे.)

अंथरुणातून उठताच अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय का, रक्तदाबाची गोळी जास्त होतेय का, हे पाहायचं. मधुमेह्याला थरथर, घाम, कडकडून भूक लागली तर आधी साखर तपासावी. जिभेची कड चावलेली आणि नंतर बराच वेळ डोकं गोंधळलेलं, तर फिटचा संशय घ्यावा.

खरी धास्ती बिनसूचनेच्या पडण्याची. जिना चढताना, धावताना किंवा चक्क झोपल्या जागी शुद्ध गेली, आधी फक्त छाती धडधडली किंवा काहीच जाणवलं नाही, तर संशय हृदयावर. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तो आणखी बळावतो. अशा वेळी "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या.