इंडिकेटरची दांडी बदलण्याआधी

बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण १९८२ साली सुरू झाली. देशातला तांब्याचा सर्वांत मोठा साठा इथलाच. खनिजात तांबं मात्र एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे क्विंटलभर दगड फोडला, तर जेमतेम किलोभर धातू हाती लागणार. असल्या कष्टाच्या धातूचे काही ग्रॅम गाडीच्या इंडिकेटर स्विचमध्ये, स्टिअरिंगखालच्या अंधारात बसलेले असतात. तिथल्या तांब्या-पितळेच्या पट्ट्या काळवंडल्या, की चांगल्या चालत्या गाडीला वळताना मुकेपण येतं.

१९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये बंद झालेली मारुती ८०० घ्या. इंजिन अजून कुरकुरत नाही, पण दांडी खाली केली तर दिवा लागत नाही, किंवा वळण पुरं होण्याआधीच दांडी जागेवर येते. पुढचा-मागचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह. जुन्या गाड्यांत तो बहुधा या चिमुकल्या पट्ट्यांतूनच जातो. ग्रीस वाळतं, ओल आणि धूळ शिरते, पट्टी नीट टेकत नाही, तिथे उष्णता वाढते आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळू लागतं.

तरीही दुकानात धावायची घाई नको. एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा बल्ब गेलेला असतो किंवा होल्डरचं अर्थिंग गंजलेलं असतं. दोन्ही बाजू बंद असतील, तर आधी फ्यूज आणि दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर पाहावा. हॅझार्ड दाबल्यावर चारही दिवे लुकलुकतात आणि दांडीने मात्र काहीच होत नाही, तेव्हा संशयाची सुई स्विचकडे वळते. कारण हॅझार्डची वाट सहसा वेगळी असते. दहा मिनिटांची ही तपासणी न करता अख्खा स्विच बदलणं म्हणजे पैसे पाण्यात!

दांडी आपोआप परत येण्याची युक्ती मात्र यांत्रिक आहे. स्टिअरिंग सरळ होताना त्यावरचा उंचवटा प्लॅस्टिकच्या छोट्या खिट्टीला ढकलतो. दांडी हाताने धरून ठेवत स्टिअरिंग फिरवलं, की तुटते ती हीच खिट्टी. पट्ट्या साफ करून पुन्हा चालवता येतात. खिट्टी चिकटवण्याचा जुगाड सहसा टिकत नाही.

स्विच बदलताना पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. चाकं सरळ करून स्टिअरिंग आणि शाफ्टवर खूण करायची, नट मोकळा करून स्टिअरिंग काढायचं, मग खालचं कव्हर, कपलर आणि स्क्रू. खूण चुकली, तर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं दिसतं. एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम घरी करू नये.

दिव्याशिवाय गाडी काढणाऱ्याला हाताची खूण सुटत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२१ चालकाला इशारा द्यायला सांगतं. वळण्याचा इशारा यांत्रिक किंवा विजेच्या साधनानेही चालतो. दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा, असा नियम आहे.

नवा स्विच बसल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून दांडी परत येते का ते पाहावं. हॉर्नही वाजवून बघावा. स्टिअरिंगच्या मधली त्याची तार जोडायची राहून जाते.