मोनेच्या बागेतील कुंड्या

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलासमोर क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या व्हेतॉय येथील बागेच्या चित्राची (१८८१) प्रत लावलेली आहे. रडणारे मूल पिवळ्या सूर्यफुलांकडे पाहून क्षणभर थबकते, तेवढ्यात स्टेथोस्कोप लावून घ्यावा, एवढाच मूळ हेतू.

मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असून त्याची उंची सुमारे दीड मीटर आहे. दुतर्फा फुलांची दाटी, मधून घराकडे चढत जाणारी वाट, वाटेच्या कडेला निळ्या-पांढऱ्या कुंड्या आणि एक लहान मुलगा. अगदी जवळून पाहिल्यास फूल असे दिसतच नाही. दिसतात ते रंगांचे सुटे फटकारे. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार बाह्यरेषा ठळक आखत नाही, सावलीही काळ्याने भरत नाही. ऊन पिवळसर तर सावली निळी-जांभळी. शेजारी ठेवलेले हे रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत परस्परांना उजळवितात. मुलाचे नाक-डोळे जवळजवळ नाहीतच, तरी त्याचे वय त्याच्या उभे राहण्यावरून कळते. दारातून आत येणारे बालक पाहूनच आपणही निम्मे निदान करतो, त्यातलाच हा प्रकार!

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका मुलीला तिच्या मावशीने आणले. वजन वाढत नव्हते. रक्त, लघवी, क्षयाच्या चाचण्या, सारे करून झाले, सारे निर्दोष. तिची आई गेल्याचे मला तिसऱ्या भेटीत कळले, कारण मी आधी विचारलेच नव्हते. ही खंत आजही आहे. त्या दिवशी निघताना चित्रातल्या मुलाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “ह्याची आई कुठंय?”

“घरात असेल,” मी म्हणालो.

त्या रात्री वाचावयास बसलो. तो मुलगा म्हणजे मोनेचा धाकटा मिशेल, असे मानतात. त्याची आई कामीय सप्टेंबर १८७९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, व्हेतॉयलाच वारली. तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याच घरात राहणाऱ्या आलिस ओशदे यांनी स्वतःच्या सहा मुलांबरोबर मोनेच्या दोन्ही मुलांना वाढविले.

मोनेचे १८७३ मधील आर्जांतय येथील घराचे चित्र शिकागोस आहे. त्यात थोरला झाँ खेळण्याचे कडे घेऊन अंगणात उभा आहे आणि दारात कामीय. त्या अंगणातही निळ्या-पांढऱ्या कुंड्याच मांडलेल्या दिसतात. घर बदलताना मोने त्या बरोबर नेत असे.