बँकेने लिमिट कापले, पण कळवले का?

गिरणगावात उधारी बंद व्हायची ती तोंडावर. शिवडी, परळ, लालबागच्या चाळींत वाण्याची वही पगाराच्या भरवशावर चालायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि महिने उलटले तसा वाण्यांचाही हात आखडला. ते दुःख मोठेच होते. पण नकार देणारा माणूस समोर असायचा. त्याला कारण विचारता यायचे, मुदत मागता यायची. क्रेडिट कार्डाची उधारी कापली गेल्याचे मात्र अनेकदा रुग्णालयाच्या काउंटरवर डिपॉझिट भरतानाच कळते.

बँकेला असे करता येते का? येते. रिझर्व्ह बँकेचे २१ एप्रिल २०२२ चे निर्देश त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार लिमिट वाढवायचे तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. कमी करायला संमती लागत नाही. ग्राहकाला कळवणे मात्र बंधनकारक आहे. किती दिवस आधी कळवायचे, हे त्यात नाही. माझ्या मते नियमाची खरी उणीव हीच. कापल्यानंतर आलेला एसएमएस ज्याच्या घरी माणूस आजारी आहे त्याच्या काय कामाचा?

कारणे बहुतेक वेळा साधी असतात. हप्ता उशिरा गेलेला, महिनोन् महिने फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरलेला, कार्ड बराच काळ वापरलेलेच नाही, किंवा दुसऱ्या बँकेचे नवे कर्ज. कधी तुमचा काहीच दोष नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्ड-थकबाकीवरचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे त्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागते. साहजिकच अशी उधारी देताना बँका अधिक चाळणी लावतात.

दुसऱ्या बँकेचे कर्ज या बँकेला कळते ते सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून. सिबिलचे कार्यालय शिवडीपासून फार लांब नाही. सेनापती बापट मार्गावर, ज्युपिटर मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले.

कपातीचा दुसरा फटका इथेच बसतो. लिमिट २ लाख आणि वापर ६० हजार, म्हणजे ३० टक्के. लिमिट ८० हजारांवर आले, तर तोच खर्च ७५ टक्के होतो. तुम्ही एक रुपया जास्त खर्च केलेला नाही, तरी तुमचा क्रेडिट स्कोअर घसरू शकतो. म्हणून बिल बनण्याच्या तारखेआधीच जमेल तेवढी रक्कम भरून टाकावी. नोंदीत थकबाकी कमी दिसते. कार्डावर ऑटो-पे लावलेले विम्याचे हप्ते, वीजबिल, मोबाइल लगेच तपासावेत, कारण लिमिटअभावी विम्याचा हप्ता चुकणे सर्वांत महागात पडते. चालू ईएमआयनेही लिमिट अडवलेले असते, तेही मोजावे.

रागाच्या भरात जुने कार्ड बंद करू नये. त्याने एकूण लिमिट आणखी घटते. घाईघाईने चार बँकांकडे नवीन कार्डासाठी अर्जही करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

मग बँकेला लेखी विचारावे: कपात कोणत्या तारखेला झाली, कशामुळे झाली आणि आम्हाला कसे कळवले? पगार वाढला असेल तर सॅलरी स्लिप किंवा आयकर विवरणपत्र जोडून फेरविचार मागावा. सोबत पतअहवाल काढावा. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा तो मोफत देते. त्यात फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. मात्र तिथे शब्द जपून लिहावेत. ‘माझे लिमिट २ लाखच ठेवा’ ही मागणी टिकणे कठीण, कारण कोणाला किती उधार द्यायचे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. ‘लिमिट घटवले आणि मला कळवलेच नाही’ ही तक्रार नियमभंगाची आहे. अर्जात पहिले वाक्य हेच असावे, आणि सोबत व्यवहार नाकारल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसह जोडावा.