घर सुटण्यापूर्वी : समलिंगी व पारलिंगी मुलांच्या बेघरपणाचा प्रतिबंध

घरापासून दुरावण्याच्या संदर्भात मराठीत ‘घराबाहेर काढणे’, ‘घर सोडणे’ आणि ‘घर सुटणे’ असे तीन प्रयोग रूढ आहेत. पहिल्यात कर्तृत्व घरच्या मंडळींकडे असते, दुसऱ्यात जाणाऱ्याकडे. तिसऱ्यात कर्त्याचा निर्देशच नसतो. समलिंगी, उभयलिंगी अथवा पारलिंगी (म्हणजे जन्मसमयी नोंदलेले लिंग ज्याला आपले वाटत नाही अशा) मुलाला घर अंतरले, की ‘काढले’ आणि ‘सोडून गेला’ या दोन क्रियापदांवरच बहुधा वाद होतो. या दोहोंत केवळ अखेरचा दिवस दिसतो. ‘सुटणे’ या क्रियापदाने मात्र गाठ सैल होत जाण्याची दीर्घ क्रिया सूचित होते. तीत घरच्यांची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती बरीच अलीकडे येते. बेघरपणाच्या प्रतिबंधाचा विचार करावयाचा तो याच काळाविषयी होय.

ही क्रिया घरात कशी घडते, याचा शास्त्रीय अभ्यास सॅन फ्रान्सिस्को येथे केटलिन रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला निबंध 21 ते 25 वर्षे वयाच्या 224 समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला आहे. किशोरवयात कुटुंबाकडून तीव्र नकार अनुभवलेल्यांत आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण, असा नकार नसलेल्या वा अत्यल्प असलेल्यांच्या तुलनेत, 8.4 पट आढळले. येथे ‘नकार’ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मित्रांना भेटू न देणे, नातेवाइकांपासून गोष्ट लपविण्यास सांगणे, लोकांच्या छळाचा दोष मुलालाच देणे, या गोष्टीही तीत मोडतात. आपल्याकडे त्यांत लग्नाची घाई आणि ‘उपचारा’चा आग्रह यांची भर पडते. अशा गोष्टी पालक अनेकदा द्वेषाने नव्हे, तर मुलाच्या काळजीपोटीच करतात. मुलाला मात्र त्यांतून काळजी दिसत नाही. आपण या घरचे नव्हे एवढेच उमगते. पालकांची मते एका रात्रीत पालटत नाहीत, हे खरे. तथापि मते पालटण्यापूर्वीही वर्तन पालटता येते. टोचून बोलणे थांबविणे, मुलाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, पंगतीतले त्याचे पान न चुकविणे, यांसाठी कोणतीही श्रद्धा सोडावी लागत नाही. ‘उपचारा’चा प्रश्न वैद्यकशास्त्रानेच निकालात काढला आहे. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. एकट्या पडलेल्या पालकांना दुसरे पालकच अधिक समजावू शकतात. मुंबईत 2017 साली सुरू झालेल्या ‘स्वीकार’ या पालकांच्या गटाचे महत्त्व त्यातच आहे.

शाळेचा वाटा याहून कमी नाही. युनेस्कोने तामिळनाडूत केलेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 400 तरुणांपैकी 60 टक्क्यांनी माध्यमिक वा उच्च शालेय वर्गांत शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले; छळाची तक्रार अधिकाऱ्यांकडे नेणारे 18 टक्केच होते. तक्रार केली तर ती घरी कळेल, हे भय मुलाला गप्प बसवते. शाळा सुटली की मुलाला घराबाहेर उरलेले एकमेव आश्रयस्थान सुटते, आणि पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधनही. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगाखाली नोंदलेल्या 4,87,803 व्यक्तींत साक्षरता सुमारे 56 टक्के होती. देशाचे सरासरी प्रमाण 74 टक्के होते. म्हणून चेष्टेच्या शब्दाला वर्गातच हटकणारा आणि मुलाच्या संमतीवाचून त्याचे गुपित घरी न पोहोचविणारा एक शिक्षकही मोलाचा ठरतो. महाविद्यालयांपुरता विचार केला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलाचा व पारलिंगीपणाचा स्पष्ट समावेश केला. शाळांतही हीच दृष्टी रुजली पाहिजे.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला, तो मुख्यत्वे अखेरच्या टोकाशी. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्यातील बाराव्या कलमाने, केवळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशावाचून आईबापांपासून विलग करण्यास मनाई केली. घरचे सांभाळ करू शकत नसतील, तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्राची वाट दाखवावी असे ठरविले. छळ होत असलेल्या घरी मुलाला डांबून ठेवणे हा काही आधार नव्हे. निवाऱ्याची सोय हवीच. परंतु घर आणि केंद्र यांच्या दरम्यान मावशी, आजोबा, मित्राचे घर अशा ज्या अनेक पायऱ्या असतात, त्यांचा विचार या कलमात नाही. समलिंगी मुले तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

तात्पर्य, निवारा हा घर सुटल्यानंतरचा उपाय आहे, प्रतिबंध त्यापूर्वीचा. जेवणाच्या ताटावरचा अबोला आणि वर्गातले हसणे येथे ही गाठ प्रथम सैल होते, आणि ती पुन्हा आवळता येते तीही तेथेच.